कमी उंचीच्या डेकसाठी काँक्रीटचं फूटिंग स्वतः ओतताना: माप, माल आणि हमखास होणाऱ्या चुका

प्रश्न थोडक्यात असा: घरामागच्या अंगणात साधारण १२ बाय १० फुटांचा (३.६ × ३.० मीटर), जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास उंचीचा लाकडी डेक करायचा आहे. फूटिंग, म्हणजे डेकचा भार मातीत नेणारे काँक्रीटचे पाये, स्वतःच ओतायची आहेत. किती घ्यावीत, केवढी, किती खोल, मिश्रण कोणतं, सळई लागते का? आणि खड्डे खणण्याऐवजी ठोकळे ओतून नुसते जमिनीवर ठेवले तर चालतील का?

मिश्रणाचा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण इथे तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. अशा डेकच्या सर्वांत जास्त भार घेणाऱ्या फूटिंगवर ७५० किलोच्या आसपास वजन येतं. २५० मिमी व्यासाच्या गोल पेडेस्टलवर (फूटिंगच्या रुंद तळावर उभा असलेला काँक्रीटचा खांब) ते पसरलं की दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो होतं. एम२० दर्जाच्या काँक्रीटची (पुढे दिलेलं १ : १.५ : ३ मिश्रण) ताकद दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या घरात असते. म्हणजे काँक्रीट आपल्या ताकदीच्या शंभराव्या हिश्शातच काम करतं. आता तेच वजन ४०० × ४०० मिमीच्या तळातून मातीवर जाऊ द्या: दर चौरस मीटरला ४.७ टन. बऱ्यापैकी घट्ट माती सुरक्षितपणे ७ टनांपर्यंत घेते, मऊ माती ५ सुद्धा नाही. डेक खचतो तो इथे, खड्ड्याच्या तळाशी. त्यानंतरची बिघाडाची जागा म्हणजे वरचं टोक, जिथे लाकूड आणि काँक्रीट भेटतात. मधल्या काँक्रीटची तक्रार क्वचितच येते.

भार आणि फूटिंगची संख्या

माणसं, खुर्च्या, कुंड्या असा वापराचा भार दर चौरस मीटरला २०० किलो धरा आणि लाकडाचं स्वतःचं वजन ५० किलो. १०.८ चौरस मीटरचे झाले २,७०० किलो. दोन बीम (मुख्य आडव्या तुळया) ३.६ मीटरच्या दिशेने टाका, दोन्ही बाजूंच्या कडांपासून ३०० मिमी आत. प्रत्येक बीमखाली तीन फूटिंग, १.६ मीटर अंतरावर, आणि बीमची टोकं दोन्हीकडे २०० मिमी बाहेर. एकूण सहा फूटिंग झाली.

कोपऱ्यातल्या फूटिंगवर १.५ चौरस मीटर डेक येतो, म्हणजे ३७५ किलो. मधल्यावर २.४ चौरस मीटर, म्हणजे ६०० किलो. पण बीम तिन्ही आधारांवरून सलग गेला असेल तर मधला आधार जास्त भार ओढून घेतो, साधारण सव्वापट. म्हणून ७५० धरायचे. कोपऱ्याची फूटिंग लहान करून थोडा माल वाचवता येईल, पण सहाच्या सहा एकाच मापाची केली की साचा एक, घाणा (एका वेळी कालवलेला माल) एकाच मापाचा, आणि गोंधळ कमी. वाचवण्यासारखं तिथे फारसं काही नाही.

डेकवर पाण्याचा टब ठेवायचा विचार असेल तर हा हिशेब इथेच थांबवा. एक मीटर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १,००० किलो, वर धरलेल्या वापराच्या भाराच्या पाचपट. त्याला वेगळी फूटिंग आणि वेगळे बीम लागतात.

माती ओळखणं

खणायच्या आधी जमिनीखालून वीज, पाणी, सांडपाणी किंवा गॅसची लाईन कुठून जाते ते नक्की करून घ्या. स्थानिक परवानगी लागत असेल तर तीही आत्ताच. नंतर खड्डा मोकळा ठेवून वाट बघण्यात तळ खराब होतो.

पहिला खड्डा खणताना मातीकडे नीट बघा. वरचा १५ ते २० सेंटिमीटरचा मुळं-पाचोळ्याचा थर कामाचा नाही, तो कुजतो आणि बसतो. त्याखाली विटांचे तुकडे, प्लास्टिक, काचा लागल्या तर तो भराव आहे, किती का घट्ट वाटेना. भराव संपून मूळ माती लागेपर्यंत खाली जायचं. मूळ माती लागली की अंगठा दाबून बघा. बऱ्यापैकी जोर लावल्यावर अंगठा थोडासाच रुतला तर माती घट्ट. अलगद बोटभर आत गेला तर मऊ. मऊ मातीत तळ ५०० × ५०० मिमी करा, म्हणजे ताण ३ टनांवर येतो. १२ मिमीची सळई हाताने दाबून फूट-दीड फूट सहज जात असेल तर अजून खाली जावं लागेल.

घराच्या भिंतीलगतची जागा फसवी असते. घराचा पाया घालताना तिथे चर खणून नंतर माती लोटलेली असते आणि ती वर्षानुवर्षं बसत राहते. म्हणून वरच्या आराखड्यात घराकडचा बीम भिंतीपासून जितका दूर सरकवता येईल तितका सरकवा, किंवा तिथले खड्डे चराच्या तळापर्यंत न्या. आणि डेक घराला जोडू नका. कमी उंचीच्या डेकला भिंतीचा आधार लागत नाही. जोडला तर डेक एका बाजूने खचतो आणि दुसऱ्या बाजूने भिंतीला लोंबकळतो, शिवाय जोडाच्या जागी भिंतीत पाणी जातं. २० ते २५ मिमी फट ठेवून डेक स्वतंत्र उभा करा.

काळी चिकणमाती असेल, कोरडी पडल्यावर जिच्यात बोट जाईल अशा भेगा पडतात ती, तर वेगळा विचार हवा. ही माती ओली झाली की फुगते आणि फूटिंग उचलते, वाळली की खाली सोडते. ओल कमी-जास्त होते तो थर दीड मीटर किंवा त्याहून खोल असू शकतो. दीड फूट उंचीच्या डेकसाठी तितकं खोल जाणं माझ्या मते वाया मेहनत आहे. त्यापेक्षा खड्डा ३०० मिमी जास्त खणून त्यात मुरूम १०० मिमीच्या थरांत ठोकून बसवा, डेक घरापासून सुटा ठेवा, आणि वर उंची कमी-जास्त करता येणारे पोस्ट बेस (लाकूड काँक्रीटला जोडणाऱ्या धातूच्या बैठका) वापरा. डेक थोडा हलणार हे मान्य करून तो परत लेव्हलला आणायची सोय आधीच ठेवायची.

खोली

साध्या, न फुगणाऱ्या जमिनीत मी ६०० मिमी सांगतो: २०० मिमी जाडीचा तळ आणि त्यावर ४०० मिमी पेडेस्टल जमिनीखाली, आणखी १०० मिमी जमिनीच्या वर. कोरड्या कडक मुरमात ४५० मिमीही पुरतं. ३०० मिमीहून उथळ मात्र नको, तिथली माती पाऊस, मुळं आणि उंदरांच्या बिळांनी सतत हलत असते.

जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे हे आकडे लागू नाहीत. तिथे तळ जमीन गोठण्याच्या रेषेच्या खाली गेलाच पाहिजे, आणि ती रेषा अतिथंड प्रदेशात मीटरभर किंवा त्याहूनही खाली असते. गोठणारी माती खालचं पाणी वर ओढून बर्फाचे थर तयार करते आणि ते थर फूटिंग उचलतात. अशा जागी पेडेस्टलच्या बाजू गुळगुळीत आणि सरळ हव्यात. साचा न वापरता खड्ड्यात काँक्रीट ओतलं की वरचं तोंड ढासळून रुंद होतं, टोपीसारखा भाग तयार होतो, आणि गोठलेली माती त्या टोपीला खालून धरून सगळंच वर ढकलते. काळ्या मातीतही हाच दोष त्रास देतो.

आखणी

वर दिलेल्या आराखड्यात कोपऱ्याच्या फूटिंगांच्या मध्यांमधलं अंतर एका दिशेने ३.२ मीटर आणि दुसऱ्या दिशेने २.४ मीटर येतं. हा ३-४-५ चा त्रिकोणच आहे, त्यामुळे कर्ण बरोबर ४.० मीटर भरला पाहिजे. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४.० आले तर चौकोन काटकोनात आहे, ५ मिमीचा फरक चालतो.

खुंट्या खड्ड्याच्या जागी ठोकू नका, खणताना उखडतात. चारही कोपऱ्यांबाहेर ६० सेंटिमीटरवर दोन-दोन खुंट्या आणि त्यांवर आडवी पट्टी ठोका, दोरी त्या पट्टीवर खिळ्याला बांधा. दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा, ४०० × ४०० चा चौकोन फक्कीने आखा, मग दोरी काढून खणा. साचा बसवताना तीच दोरी त्याच खिळ्यांना पुन्हा लावायची.

खड्डा

कुदळीने तोंड मोकळं करा, पण शेवटचे २०० मिमी पहारीने आणि सपाट फावड्याने बाजू उभ्या तासत खणा. तळाचा काँक्रीटचा भाग थेट मातीच्या भिंतींना टेकून ओतायचा आहे, तिथे साचा नाही, म्हणून खालच्या २०० मिमीत खड्डा मापाचाच हवा.

चुकून जास्त खोल गेलात तर सुटी माती परत टाकून सारखं करू नका. ती कितीही दाबली तरी मूळ मातीइतकी घट्ट होत नाही. जास्तीची खोली काँक्रीटनेच भरा. खड्ड्यात पाऊस पडला तर पाणी उपसा आणि मऊ झालेला चिखल खरवडून काढा, सहसा २० ते ५० मिमी निघतो. तळाशी सांडलेली सुटी ढेकळं हाताने वेचून काढा आणि मग धुम्मसाचे दहा-पंधरा ठोके द्या. नेमकं हेच काम सगळ्यांत जास्त वेळा राहून जातं. तळाशी दोन बोटं सुटी माती राहिली की डेक पहिल्याच वर्षी दोन बोटं खाली बसतो, आणि तोही सहा जागी सहा वेगवेगळ्या मापांनी.

तळाशी खडीचा थर घालावा का? पाणी सहज मुरणाऱ्या जमिनीत त्याचा फायदाही नाही आणि तोटाही नाही. चिकणमातीत मात्र खडीच्या पोकळ्यांत पाणी साठून राहतं आणि तळाची माती मऊ करतं. मूळ माती टणक आणि कोरडी असेल तर काँक्रीट सरळ तिच्यावर ओतावं हे उत्तम.

साचा आणि सळई

पेडेस्टलसाठी पुठ्ठ्याची तयार नळी मिळाली तर ती घ्या. नाहीतर २५० मिमी पीव्हीसी पाईपचे ५०० मिमीचे तुकडे कापा आणि प्रत्येकाला एक उभा काप द्या. ओतताना बाहेरून तारेने तीन ठिकाणी आवळायचं, सुटताना तार कापली की पाईप उमलतो. आतून तेलाचा पातळ हात द्या, नाहीतर साचा काढताना काँक्रीटची कातडी निघते. तेल सळईला लागू देऊ नका.

सळई ताकदीसाठी लागते का? हिशेबाने नाही. तळ पेडेस्टलच्या बाहेर फक्त ७५ मिमी डोकावतो आणि जाडी २०० मिमी आहे. त्यामुळे भार साध्या काँक्रीटमधूनच ४५ अंशांच्या आत पसरतो. पेडेस्टलही रुंदीच्या दुप्पटच उंच आहे. तरीही मी ती घालायला सांगतो. तळ आणि पेडेस्टल यांच्या ओतण्यात खंड पडला तर सळई दोघांना बांधून ठेवते, आणि जमीन फुगताना किंवा कुणी चाकगाडी आपटल्यावर पेडेस्टल सांध्यात सुटत नाही.

१० मिमीच्या चार सळया पुरेत. प्रत्येक ६८० मिमी लांब, खालचे १०० मिमी काटकोनात वाकवलेले. पाय बाहेर काढण्याऐवजी शेजारच्या सळईच्या दिशेने वळवा, म्हणजे मातीपासूनचं अंतर सांभाळलं जातं. रिंग १२० मिमीच्या चौकोनी, तीन नग, बाइंडिंग वायरने बांधलेल्या. पिंजरा पाईपच्या मध्यभागी ठेवला की सर्व बाजूंनी ४० मिमी कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीटचं आवरण) मिळतं. तळाशी कव्हर ७५ मिमी हवं, कारण तिथे काँक्रीट थेट मातीवर आहे. त्यासाठी आधीच दोन-तीन दिवस ओतून ठेवलेले ७५ मिमी जाडीचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवा. विटेचा तुकडा ठेवू नका, वीट पाणी शोषते आणि ते सळईपर्यंत पोचवते. सळई मातीत ठोकून उभी करण्याची युक्ती तर सर्वांत वाईट. मातीतलं टोक गंजतं आणि गंज सळईच्या कडेने वर चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काही वर्षांत पेडेस्टल आतून उभं चिरतं.

हा सळईचा भाग नको असेल आणि खोदायला यंत्राचा गिरमिट मिळत असेल, तर ४०० मिमी व्यासाचा सरळ गोल खड्डा घेऊन तळ आणि पेडेस्टल एकाच मापाने ओता, जमिनीवरच्या १०० मिमीपुरती साच्याची कडी लावा. मातीवरचा ताण ६ टनांवर जातो, म्हणून हे घट्ट मातीतच. काँक्रीट दीडपटीहून थोडं जास्त लागतं, पण काम अर्ध्या वेळात होतं.

माल

एका फूटिंगला लागणारं काँक्रीट: तळ ३२ लिटर, पेडेस्टल २४.५ लिटर, मिळून ५६.५ लिटर. सहाचे ३४० लिटर, सांडलवंड धरून ३७५.

प्रमाण १ : १.५ : ३, म्हणजे सिमेंट, वाळू, २० मिमी खडी. घमेल्याने मोजू नका, प्रत्येक घमेलं वेगळ्या शिगेचं भरतं. प्लायवूडचा आतून ३५ × २५ × २० सेंटिमीटरचा फरमा ठोका. तो १७.५ लिटरचा होतो, म्हणजे बरोबर अर्धी गोणी सिमेंट. मग एक घाणा असा: सिमेंट १ फरमा (२५ किलो), वाळू दीड फरमा, खडी ३ फरमे. यातून सुमारे ६२ लिटर काँक्रीट निघतं. एक घाणा, एक फूटिंग. सिमेंटच्या फरम्याबाबत एक सांभाळा: गोणीतून ओतलेलं सिमेंट फुलतं, म्हणून शक्य असेल तर २५ किलो वजनानेच घ्या. हाताने कालवणार असाल तर घाण्यामागे अडीच किलो सिमेंट जास्त टाका, कारण हाताचा माल यंत्राइतका एकजीव होत नाही. एकूण खरेदी: सिमेंट ५० किलोच्या ४ गोण्या, वाळू ०.२ घनमीटर, खडी ०.३५ घनमीटर. नुसतं पाणी घालायचं कोरडं तयार मिश्रण घेतलंत तर २५ किलोच्या पिशवीतून ११ ते १२ लिटर काँक्रीट निघतं, म्हणजे एका फूटिंगला पाच पिशव्या.

सिमेंटच्या गोणीवरचा आठवडा-महिना वाचा. तीन महिन्यांहून जुनी, किंवा बोटांनी न फुटणाऱ्या गुठळ्या झालेली गोणी फूटिंगसाठी नको.

वाळू दमट असेल तर ती फुगून जास्त जागा व्यापते, आणि दीड फरमा मोजूनही प्रत्यक्षात कमी वाळू पडते. किती फुगली आहे ते काचेच्या बरणीत दोन मिनिटांत कळतं. दमट वाळू सैल भरून उंची मोजा, समजा १५ सेंटिमीटर. वाळू काढा, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, तीच वाळू ढवळत परत टाका. ती आता १२ सेंटिमीटरवर बसली तर वाळू २५ टक्के फुगलेली आहे. मग दीडऐवजी पावणेदोन ते दोन फरम्यांच्या मध्ये वाळू घ्यायची. पूर्ण कोरड्या आणि पूर्ण भिजलेल्या वाळूला हा प्रश्न नाही.

पाणी घाण्याला जास्तीत जास्त १२.५ लिटर, आणि त्यात वाळूतलं पाणी धरलेलं. दमट वाळूतून दोनेक लिटर आधीच आलेलं असतं, म्हणून साडेदहावर थांबा आणि मग मगाने थोडं-थोडं वाढवा. नेहमी बादलीनेच मोजून घाला, पाईप घाण्यात सोडू नका. माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा, हाताला ओल लागावी, पण बोटांमधून पाणी गळू नये. फावड्याने कापलेली धार उभी राहून हळूहळू खाली बसली तर माल योग्य. जास्त पाण्याचा माल ओतायला सोपा वाटतो, पण खडी खाली बसते, पाणी वर येतं आणि वर पांढरट स्लरीचा थर जमतो. वाळल्यावर तो नखाने खरवडता येतो. नेमक्या त्याच भुसभुशीत थरावर तुमचा पोस्ट बेस बसणार असतो.

हाताने कालवताना वाळू आणि सिमेंट आधी कोरडंच तीन वेळा पलटा, रंग एकसारखा झाला की खडी, मग पाणी. यंत्रात आधी थोडं पाणी आणि खडी, मग सिमेंट, वाळू, उरलेलं पाणी, आणि सगळं पडल्यावर दोन मिनिटं फिरवा. रबरी हातमोजे आणि गमबूट घाला. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, गुडघे टेकून काम करताना कपड्यातून झिरपलं की तासाभरात कातडी जाळतं, आणि आग होईपर्यंत उशीर झालेला असतो. कोरडी गोणी फोडताना मास्क लावा.

ओतणं

खड्ड्याचा तळ आणि भिंती पाणी शिंपडून ओलसर करा, तळी साचू देऊ नका. कोरडी माती ताज्या काँक्रीटमधलं पाणी ओढून घेते. पिंजरा कव्हर ब्लॉकवर उभा करून वरून आडव्या पट्टीला बांधा. तळाचं २०० मिमी ओता, सळईच्या दांड्याने कोपऱ्यांसकट कोचा.

आता पाईप. तो तळाच्या काँक्रीटवर टेकवून सोडू नका, दोन आडव्या पट्ट्यांना ठोकून टांगा, खालचं तोंड तळाच्या पृष्ठभागाला जेमतेम लागेल असा. दोरीने मध्य जुळवा, दोन दिशांनी ओळंबा बघा. तळ ओतल्यावर वीस-तीस मिनिटं थांबा, पण तळ पूर्ण घट्ट होऊ देऊ नका. लगेच पाईप भरायला घेतला तर वरच्या वजनाने खालून काँक्रीट बाहेर फुटतं. पाईप भरतच नाही, आणि नवखा माणूस वरून ओततच राहतो. असं झालं तर ओतणं थांबवा, बाहेर आलेला माल तसाच राहू द्या, दहा मिनिटांनी हळू भरा.

पेडेस्टल १५० मिमीच्या थरांत भरा. प्रत्येक थराला १६ मिमी सळईने वीस-पंचवीस वेळा कोचा, दांडा खालच्या थरात थोडा घुसला पाहिजे. बाहेरून लाकडी हातोडीने पाईपवर हलके ठोके द्या, बुडबुडे वर येणं थांबेपर्यंत. काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली तर सुमारे ३० टक्के ताकद जाते. इथे ताकद भरपूर शिल्लक आहे, पण पोकळ्यांतून पाणी सळईपर्यंत पोचतं. पाणी घातल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात घाणा संपवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी मारून तो सैल करू नका, फेकून द्या.

लेव्हल आणि वरचं टोक

बीम थेट पेडेस्टलवर बसणार असेल तर सहाही टोकं एका पातळीत हवीत. ३ मीटरच्या अंतरावर छोट्या स्पिरिट लेव्हलवर भरवसा ठेवू नका, पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाईप वापरा. आत हवेचा एकही बुडबुडा नको, एक बुडबुडा सेंटिमीटरची चूक देतो. सर्वांत उंच जमिनीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, तिथे १०० मिमी वर ठेवा आणि बाकीचे पाईप त्या पातळीला कापा. उताराच्या जमिनीत खालच्या बाजूचं पेडेस्टल त्यामुळे उंच होईल. ते जमिनीच्या वर ३०० मिमीहून जास्त जात असेल तर पेडेस्टल बुटकं ठेवून वर लाकडी पोस्ट द्या.

वरचा पृष्ठभाग लाकडी थापीने घोटा, मध्यापासून कडेकडे जेमतेम ३-४ मिमी उतार द्या. लोखंडी थापीने चकचकीत करायची गरज नाही.

पोस्ट बेस धरून ठेवणारा अँकर बोल्ट ओल्यात रोवायचा की नंतर भोक पाडायचं? ओल्यात रोवलेला १२ मिमी बोल्ट, १७५ मिमी आत, खालचं टोक वाकवलेलं, हा मजबूत असतो. पण तो एका बाजूला कलला किंवा सरकला की दुरुस्ती नाही. सहा बोल्ट एका रेषेत ठेवणं पहिल्यांदा करणाऱ्याला जड जातं. मी भोक पाडायचा मार्ग सुचवतो. काँक्रीट पक्कं झाल्यावर दोरी लावा, नेमका बिंदू काढा, भोक पाडा, फुंकून आणि ब्रशने धूळ पूर्ण काढा, मग अँकर. फुगणारा यांत्रिक अँकर कडेजवळ काँक्रीट फोडतो, २५० मिमी पेडेस्टलच्या मध्यावर मात्र कड १२५ मिमी दूर असते, तिथे तो चालतो. रासायनिक अँकर वापरायचा तर काँक्रीट किमान २१ दिवसांचं होऊ द्या.

पोस्ट बेस लाकडाला काँक्रीटपासून २५ मिमी वर उचलणारा घ्या. लाकूड काँक्रीटवर सपाट टेकलं तर त्या फटीत पाणी राहतं आणि लाकूड टोकाकडून कुजतं. लाकडी पोस्ट काँक्रीटमध्ये गाडणं तर नकोच, जमिनीच्या पातळीवर ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि सडायला तीच जागा लागते. तांब्याची रसायनं भरलेलं लाकूड साधं लोखंड झपाट्याने खातं. बेस, बोल्ट, वॉशर, खिळे सगळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, आणि दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळू नका.

पाणी मारणं आणि माती भरणं

ओतल्यावर दोन-तीन तासांनी वर ओलं गोणपाट टाका आणि त्यावर प्लास्टिक बांधा. साधं सिमेंट असेल तर ७ दिवस, फ्लाय ॲश किंवा स्लॅगचं मिश्र सिमेंट असेल तर १० दिवस गोणपाट ओलंच राहिलं पाहिजे. दिवसातून दोनदा वाळवून दोनदा भिजवण्यापेक्षा झाकून सलग ओल ठेवणं जास्त चांगलं. साचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढता येतो. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर ओतणं पुढे ढकला. सातव्या दिवशी काँक्रीट अंतिम ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पोचतं, तेव्हा बीम आणि जॉइस्ट (बीमवर आडव्या बसणाऱ्या, फळ्या पेलणाऱ्या लाकडी कड्या) चढवायला हरकत नाही.

साचा काढल्यावर पेडेस्टलभोवती ७५ मिमीची फट राहते. तिथे धुम्मस मावत नाही, ५० मिमी जाड लाकडाचा तुकडा घेऊन १०० ते १५० मिमीच्या थरांत माती ठोका. वर पेडेस्टलपासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. कोपऱ्याच्या फूटिंगजवळ छताची पन्हळ मोकळी होत असेल तर तिचं पाणी आधी दुसरीकडे वळवा.

नुसते ठोकळे ठेवले तर?

घट्ट, न फुगणारी, न गोठणारी सपाट जमीन असेल आणि डेक सुटा असेल तर चालतं. पण सहा ठोकळ्यांवर नाही. खाली ३०० × ३००, वर २०० × २०० आणि उंची २५० मिमीचा निमुळता ठोकळा घेतला तर मधल्या ठोकळ्याखाली मातीवर दर चौरस मीटरला ८ टनांहून जास्त ताण येतो, तोही वरच्या कमकुवत थरावर. प्रत्येक बीमखाली तीनऐवजी पाच, म्हणजे ०.८ मीटर अंतराने एकूण दहा ठोकळे ठेवा, मग ताण साधारण सव्वातीन-साडेतीन टनांवर येतो. पूर्ण डेकला काँक्रीट १६० लिटरच लागतं, म्हणजे निम्म्याहून कमी.

एक ठोकळा ३८ किलोचा होतो, उचलायला दोन माणसं धरा. साच्यात वरून खाली उलटा ओता, रुंद तोंड वर, म्हणजे सपाट घोटलेली बाजू नंतर जमिनीवर बसते आणि साचाही निमुळता असल्याने सहज सुटतो. जमिनीवरचा मुळांचा थर काढा, ४५० × ४५० मिमी जागेत १०० मिमी बारीक खडी दोन थरांत ठोका, तिच्यावर ठोकळा ठेवा. सुट्या वाळूवर ठेवू नका, पाऊस ती कडेने वाहून नेतो आणि ठोकळा एका कोपऱ्यावर तोलून राहतो.

ठोकळ्यांवरचा डेक बाजूने ढकलल्यावर डुलतो. जॉइस्टच्या खालून दोन तिरक्या पट्ट्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, प्रत्येक जॉइस्टला दोन स्क्रूंनी मारा, डुलणं थांबतं. आणि फळ्या ठोकताना बीमजवळच्या एक-दोन फळ्या फक्त स्क्रूने, सहज निघतील अशा ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुन्हा वर्षाने लेव्हल तपासायला आणि ठोकळा व बीम यांच्यामध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या चकत्या सरकवायला हात तिथूनच आत जातो.